बीच हाऊस: दोन माणसं, एक जुना ऑर्गन आणि आठ अल्बम (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रीलमध्ये सारखं वाजणारं ते संथ, तरंगतं गाणं बीच हाऊस या अमेरिकन बँडचंच का?

बहुधा हो. त्या गाण्याचं नाव 'स्पेस साँग'. २०१५ साली आलेल्या 'डिप्रेशन चेरी' या अल्बममधलं हे गाणं. गंमत म्हणजे ते कधी सिंगल, म्हणजे सुटं गाणं, म्हणून काढलंच नव्हतं. अल्बममध्ये गुपचूप बसलं होतं, जुन्या चाहत्यांना आवडत होतं, एवढंच. काही वर्षांनी टिकटॉकवरच्या पोरांनी ते उचललं. आपल्याकडे टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, त्यामुळे मराठी श्रोत्यांपैकी बहुतेकांपर्यंत ते इन्स्टाग्रामच्या रील्समधूनच पोचलं असणार: पावसातली खिडकी, लोकलचं दार, कॉलेज संपल्याचा व्हिडिओ आणि मागे हे. आज बीच हाऊसचं सगळ्यात जास्त ऐकलं जाणारं गाणं हेच आहे.

पूर्ण गाणं पाच मिनिटांहून जास्त आहे आणि त्याची खरी मजा शेवटच्या दोन मिनिटांत आहे. पंधरा सेकंदांत ते ऐकणाऱ्यांना अजून बरंच मिळायचं बाकी आहे.

हे दोघं आहेत तरी कोण?

व्हिक्टोरिया लग्राँ आणि अ‍ॅलेक्स स्कॅली. ती गाते आणि ऑर्गन-कीबोर्ड वाजवते. तो गिटार वाजवतो, शिवाय कीबोर्डचा काही भाग आणि मंचावर पायाने वाजवायचे बास पेडल सांभाळतो. गाणी दोघं मिळून रचतात.

व्हिक्टोरियाचा जन्म पॅरिसचा, पण वाढली अमेरिकेत. लहानपणापासून पियानो आणि अभिजात गायनाचं शिक्षण. न्यूयॉर्क राज्यातल्या व्हॅसार कॉलेजात शिकली आणि मग नाटक शिकायला पुन्हा पॅरिसला, झाक लकॉकच्या नाट्यशाळेत गेली. ते सोडून ती २००४ च्या सुमारास मेरीलँड राज्यातल्या बाल्टिमोर शहरात आली. अ‍ॅलेक्स तिथलाच. ओबर्लिन कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकून परत गावी आलेला. एका सामाईक मित्रामुळे ओळख झाली, आधी एका बँडमध्ये एकत्र वाजवलं आणि मग बाकीचे गळून हे दोघंच उरले. सुरुवातीच्या काळात ती हॉटेलात वेट्रेस होती आणि तो सुतारकाम करायचा.

लग्राँ म्हणजे संगीतकार मिशेल लग्राँच्या नात्यातली का?

पुतणी. 'द अम्ब्रेलाज ऑफ शेरबूर्ग' या १९६४ च्या फ्रेंच चित्रपटाचं संगीत देणारे, तीन ऑस्कर मिळवणारे मिशेल लग्राँ तिचे काका. ते २०१९ मध्ये गेले. तिच्या गाण्यांत काकांचा ठसा शोधणारे बरेच आहेत. मला तो 'वन्स ट्वाइस मेलडी' या २०२२ च्या अल्बममधल्या तंतुवाद्यांपर्यंत येईतो फारसा ऐकू आला नाही. घराणं असलं म्हणजे गायकी तीच असेल असं नाही, हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

दोघं नवरा-बायको आहेत का?

नाहीत. मैत्री आहे, जोडीदारी कामापुरती आहे, असं दोघंही पहिल्यापासून सांगत आले आहेत. तरी दर मुलाखतीत हा प्रश्न येतोच.

'बीच हाऊस' हे नाव कसं पडलं?

गाणी तयार होती, नाव नव्हतं. डोकं लढवून बरीच नावं शोधली, त्यात झाडाफुलांचीही होती. शोधणं सोडल्यावर हे सहज तोंडून निघालं, असं बँडने सांगितलं आहे. त्यामागे यापेक्षा मोठी कथा नाही.

बाल्टिमोरमध्ये असं काय होतं?

स्वस्त भाडं. कलेच्या गप्पांत हा मुद्दा मागे पडतो, पण न्यूयॉर्क हाकेच्या अंतरावर असताना बाल्टिमोरमध्ये रिकामी गोदामं आणि जुनी घरं परवडत होती. त्यामुळे २००० नंतरच्या दशकात तिथे संगीतकारांचा चांगला अड्डा जमला. डॅन डीकन आणि त्याची वॅम सिटी मंडळी तिथलीच, फ्यूचर आयलंड्स पुढे तिथेच स्थायिक झाले, अ‍ॅनिमल कलेक्टिव्हची मुळं त्याच परिसरातली. या सगळ्यांचं संगीत एकमेकांसारखं अजिबात नाही. डॅन डीकनची मैफल म्हणजे घामाघूम धिंगाणा, आणि बीच हाऊसची म्हणजे अंधारात उभं राहून डोळे मिटायचे. पण एकमेकांच्या कार्यक्रमांना जाणारे लोक तेच होते.

पहिला अल्बम, नाव नुसतंच 'बीच हाऊस', ऑक्टोबर २००६ मध्ये कारपार्क या छोट्या लेबलने, म्हणजे रेकॉर्ड कंपनीने, काढला. तो तळघरात, अगदी थोडक्या वेळात ध्वनिमुद्रित केलेला आहे आणि ते ऐकू येतं: मागे टेपची खरखर, ताल बारीकसा, आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा.

त्यांचा तो 'आवाज' नेमका कशामुळे तयार होतो?

या पानावरचा माझा आवडता प्रश्न. थोडं सविस्तर सांगतो.

आधी ऑर्गन. चर्चमधला भव्य पाइप ऑर्गन नव्हे. साठ-सत्तरच्या दशकांत अमेरिकेतल्या मध्यमवर्गीय घरांत दिवाणखान्यात ठेवायला विकले जायचे ते विजेवर चालणारे घरगुती ऑर्गन. नंतर त्यांची फॅशन गेली आणि ते जुन्या बाजारात मातीमोल भावाने मिळू लागले. अशा ऑर्गनवर बोट ठेवलं की सूर लागतो आणि बोट उचलेपर्यंत तसाच राहतो. पियानोचा सूर वाजला की विरायला लागतो, याचा विरत नाही. म्हणून दोन-तीन सूर धरून ठेवले की खाली एक सलग चादर अंथरली जाते. मराठी कानाला हे नवीन नाही. संगीत नाटकात गाणाऱ्या नटामागे पायाने भाता मारायचा ऑर्गन हेच काम करायचा. बालगंधर्वांच्या जुन्या तबकड्या ऐकणाऱ्याला बीच हाऊसचा ऑर्गन ऐकून पटकन ओळख पटते, फक्त इथे त्यावर ताना नाहीत.

त्याच ऑर्गनमध्ये तयार ताल असत: वॉल्ट्झ, बोसानोव्हा, रॉक, बटण दाबा आणि सुरू. संगीतकार सहसा या तालांना हसतात, कारण ते पत्र्याच्या डब्यासारखे वाजतात. या दोघांनी तेच ताल घेतले, वेग कमी केला आणि त्यावर गाणं उभं केलं. ड्रमर नव्हता, ठेवायला पैसे नव्हते, जागाही नव्हती. पहिल्या दोन अल्बमचा निम्मा स्वभाव या अडचणीतून आलेला आहे.

तिसरी गोष्ट अ‍ॅलेक्सची गिटार. तो कॉर्ड, म्हणजे एकदम वाजवायचे तीन-चार सूर, बडवत नाही. बोटात स्लाइड नावाची नळी घालून तारेवरून घसरवतो, त्यामुळे दोन सुरांमधली जागा भरून निघते. आपण याला मींड म्हणू. कानाला ही गिटार दुसऱ्या गायिकेसारखी वाटते: व्हिक्टोरिया थांबली की ती बोलते. कधी एकच छोटी सुरावट पूर्ण गाणंभर फिरत राहते. 'मिथ' या गाण्यात सुरुवातीपासून जी टिमटिमती सुरावट ऐकू येते, ती काढून टाकून गाणं मनात म्हणून बघा. गाणं कोसळतं.

मग व्हिक्टोरियाचा आवाज. खालच्या पट्टीतला, जाडसर, किंचित खरखरीत. संथ ओळी ती ओढून म्हणते, शब्दाचा शेवट हवेत सोडून देते. पुष्कळदा एकाच ओळीवर तिचेच दोन-तीन आवाज एकमेकांवर चढवलेले असतात.

आणि या सगळ्यावर रिव्हर्ब, म्हणजे मोठ्या रिकाम्या खोलीत गायल्यावर येतो तो घुमारा. तो तर कोणीही लावू शकतो, आणि २०१० नंतर शेकडो बँडनी लावला. त्यातले बहुतेक विसरले गेले, कारण घुमाऱ्याखाली चाल नव्हती. बीच हाऊसच्या गाण्याची चाल नुसती शीळ घालून वाजवली तरी उभी राहते. माझ्या मते फरक एवढाच आहे.

गाणारी बाई आहे की पुरुष?

बाई. हा गोंधळ पहिल्या अल्बमपासून होत आला आहे, त्यामुळे विचारायला लाजू नका. तिची तुलना नेहमी नीकोशी केली जाते, ती जर्मन गायिका, व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडच्या पहिल्या अल्बमवर गायलेली. योगायोग असा की '७' या अल्बममधलं शेवटचं गाणं 'लास्ट राइड' नीकोवरून सुचलेलं आहे.

ड्रीम पॉप आणि इंडी पॉप यांत फरक काय? हे कशात मोडतात?

इंडी म्हणजे मुळात धंद्याची पद्धत: मोठ्या कंपनीऐवजी स्वतंत्र लेबल. पुढे तो शैलीचा शिक्का झाला. ड्रीम पॉप हा आवाजाचा प्रकार: घुमारेदार गिटार, पुसट शब्द, संथ लय. ऐंशीच्या दशकात स्कॉटलंडच्या कॉक्टो ट्विन्सनी तो रूढ केला, नव्वदीत मॅझी स्टारने तो लोकांच्या ओठांवर नेला. बीच हाऊसला दोन्ही शिक्के लागतात. कॉक्टो ट्विन्सचे बासवादक सायमन रेमंड यांच्या बेला युनियन या लेबलने ब्रिटनमध्ये बीच हाऊसचे अल्बम काढले, म्हणजे वारसा कागदोपत्रीही आहे म्हणायचा.

अमेरिकेत २०१० पासून ते सिअ‍ॅटलच्या सब पॉपबरोबर आहेत, निर्वाणा या रॉक बँडचा पहिला अल्बम काढणारं तेच लेबल. काटेकोर लोक लगेच सांगतील की सब पॉपचा ४९ टक्के हिस्सा वॉर्नर या बड्या कंपनीकडे आहे. बरोबर आहे. पण ऐकणाऱ्याने इतकं सोवळं पाळायचं ठरवलं तर शेवटी ऐकायला फार थोडं उरेल.

'टीन ड्रीम'चं एवढं कौतुक का?

कारण तिथे ते तळघरातून बाहेर आले. २००८ चा 'डिव्होशन' सुंदर आहे, पण बंद खोलीतला आहे. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या 'टीन ड्रीम'साठी ते न्यूयॉर्क राज्यातल्या ड्रीमलँड या स्टुडिओत गेले. तो एका जुन्या चर्चमध्ये आहे. बरोबर निर्माता होता ख्रिस कोडी, पुढचे तीन अल्बमही त्यानेच केले. ड्रम खरे आले, व्हिक्टोरियाने दबलेला आवाज सोडून पूर्ण छातीने गायला सुरुवात केली. 'झेब्रा'ची गिटार सुरू होते तेव्हा एखाद्या घराची सगळी दारं-खिडक्या उघडल्यासारखं होतं.

'नॉर्वे' नीट ऐका. त्यात सूर मुद्दाम डळमळतात, टेप वितळत असल्यासारखे. बेसूर म्हणून सोडून द्यावं की सुरेल म्हणून धरावं हे कानाला ठरवता येत नाही, आणि त्या अवस्थेतच गाणं आपल्याला पकडून ठेवतं. अल्बमबरोबर एक डीव्हीडीही होती, प्रत्येक गाण्याचा वेगळ्या दिग्दर्शकाकडून करून घेतलेला व्हिडिओ असलेली. त्यातले काही व्हिडिओ विचित्र आहेत, एकदा बघण्यापुरते ठीक.

त्याच सुमाराला, २००९ मध्ये, ग्रिझली बेअर या बँडच्या 'टू वीक्स' गाण्यात मागचा आवाज व्हिक्टोरियाचा होता. त्यानेही तिचं नाव पसरलं.

खरं सांगा, सगळी गाणी एकसारखीच नाहीत का?

हा आरोप त्यांच्यावर पहिल्या दिवसापासून आहे आणि तो पूर्ण खोटा नाही. वेग संथ, मांडणी ओळखीची, मूड तोच. रस्त्याने जाताना कानावर पडलं तर कोणत्या अल्बममधलं आहे हे भल्याभल्यांना सांगता येत नाही.

पण मला यात दोष दिसत नाही. या दोघांनी नवीन वाद्यं, नवीन माणसं, नवीन शैली जोडत वाढायचं नाकारलं. आपल्या दोघांच्या हाताला, आवाजाला, पायाखालच्या पेडलला जे झेपेल त्याच्या आतच लिहायचं, हा नियम त्यांनी बरीच वर्षं स्वतःला घालून घेतला होता. मंचावर वाजवता येणार नाही असा भाग गाण्यात सहसा घालायचाच नाही. इतक्या लहान अंगणात फिरल्यावर पावलं एकमेकांवर पडणारच. मात्र त्याच अंगणात ते किती बारीक फरक करू शकतात हे ऐकायला लागलो की सारखेपणाची तक्रार मागे पडते. 'डिव्होशन'मधलं 'गीला' आणि 'ब्लूम'मधलं 'लझुली' एकापाठोपाठ लावा. मध्ये चार वर्षं आहेत. वाद्यं जवळपास तीच, पण पहिलं गाणं आपल्याच पायाशी बघत उभं आहे आणि दुसरं हजारो लोकांसमोर.

'ब्लूम' मे २०१२ मध्ये आला. टेक्ससच्या टोर्निलो गावाजवळ, अक्रोडासारख्या पेकानच्या बागांमधल्या सोनिक रँच स्टुडिओत तो केला. बिलबोर्ड या अमेरिकन मासिकाच्या अल्बमच्या मुख्य यादीत तो थेट सातव्या क्रमांकावर उतरला. संथ आणि पुसट संगीतासाठी हे मोठंच यश. शेवटचं 'आयरीन' संपल्यावर सीडी लगेच बंद करू नका. बऱ्याच शांततेनंतर एक न छापलेलं गाणं सुरू होतं.

मग ते मोठे बँड का झाले नाहीत? स्टेडियममध्ये का वाजवत नाहीत?

कारण तिकडे जायची त्यांची इच्छा नव्हती, आणि हे त्यांनी लिहूनच ठेवलं आहे. 'डिप्रेशन चेरी' आला तेव्हाच्या निवेदनाचा सूर असा होता: यशामुळे मोठे मंच मिळाले, मोठ्या मंचांनी आम्हाला जास्त जोरकस आणि आक्रमक आवाजाकडे ढकललं, तो आमचा स्वभाव नव्हे, म्हणून आता पुन्हा साधेपणाकडे, खऱ्या ड्रमचं काम कमी. वर चढत असताना कोणी असं मागे फिरलं की धंद्यातले लोक कपाळाला हात लावतात. त्याच मागे फिरण्यातून 'स्पेस साँग' आलं.

हा अल्बम लुइझियानातल्या बोगालुसा गावी केला. एलपीचं वेष्टन लाल मखमलीचं. 'डेज ऑफ कँडी'मध्ये मिसिसिपीतल्या एका कम्युनिटी कॉलेजच्या चोवीस विद्यार्थ्यांचा वृंद गायला आहे. ते गाणं रात्रीच ऐकावं असा माझा आग्रह आहे, कारण विचारू नका.

२०१५ मध्ये दोन अल्बम कसे आले? दुसरा म्हणजे उरलीसुरली गाणी का?

नाही. 'डिप्रेशन चेरी' २८ ऑगस्टला आला, 'थँक युअर लकी स्टार्स' १६ ऑक्टोबरला, जेमतेम आठवडाभर आधी जाहीर करून. दोन्हींचं ध्वनिमुद्रण एकाच मुक्कामात झालं होतं, पण दुसऱ्यातली गाणी पहिल्याची गाणी लिहून झाल्यावर लिहिलेली होती. हा त्याचा जुळा भाऊ नाही की उरलेला माल नाही, हे बँडने स्पष्ट केलं होतं. आवाज जास्त कोरडा, गिटार पुढे, मूड काळवंडलेला. 'एलिजी टू द व्हॉइड' सहा मिनिटांहून जास्त चालतं आणि त्याच्या शेवटाकडे गिटार जशी पेटते तशी त्यांच्या दुसऱ्या कोणत्याही गाण्यात पेटत नाही.

खरी उरलेली गाणी हवी असतील तर २०१७ चा 'बी-साइड्स अँड रॅरिटीज' हा संग्रह आहे. त्यात 'सॅटर्न साँग' आहे, ज्यात व्हॉयेजर यानांनी टिपलेल्या अवकाशातल्या नोंदींपासून केलेले ध्वनी वापरलेत. म्हणजे 'स्पेस साँग'मध्ये अवकाशाचा पत्ता नाही, अवकाश आहे ते या गाण्यात!

'७' वेगळा का वाटतो?

कारण तिथे त्यांनी तो जुना नियम मोडला. मंचावर जमेल का याची फिकीर सोडून जे सुचेल ते ठेवलं. काही गाण्यांत गिटारच नाही, काहींत कीबोर्ड नाही. बराच भाग बाल्टिमोरमधल्या स्वतःच्या स्टुडिओत झाला. ख्रिस कोडीऐवजी सोबत होता पीटर केंबर, ज्याला संगीताच्या जगात सोनिक बूम म्हणून ओळखतात, स्पेसमेन थ्री या ब्रिटिश बँडचा. ड्रम जेम्स बॅरोनचे. मे २०१८ मध्ये तो आला.

'लेमन ग्लो'चा ठेका लंगडत चालतो आणि मध्येच घसरतो. 'डाइव्ह' अर्ध्यापर्यंत ओळखीचं बीच हाऊस आहे, पुढे अचानक धावत सुटतं. इतकी वर्षं स्वतःला बांधून ठेवलं नसतं तर ही सुटका इतकी जाणवली नसती, असं मला वाटतं.

'वन्स ट्वाइस मेलडी' अठरा गाण्यांचा आहे. इतका लांब का?

सुमारे ८४ मिनिटं. तो एकदम आलाच नाही. चार भागांत, नोव्हेंबर २०२१ ते फेब्रुवारी २०२२, महिन्या-सव्वा महिन्याच्या अंतराने चार-पाच गाणी सोडत आणला. संपूर्ण निर्मिती पहिल्यांदाच दोघांची स्वतःची. आणि पहिल्यांदाच खरा तंतुवाद्यांचा ताफा, त्याची मांडणी डेव्हिड कॅम्बेल यांची, म्हणजे बेक या गायकाचे वडील. 'सुपरस्टार' आणि शीर्षकगीत हे त्यांच्या सर्वोत्तम कामांत धरायला हरकत नाही. पण तिसऱ्या भागात माझं लक्ष भरकटतं. तेरा गाण्यांत आटोपलं असतं तर हाच त्यांचा शिखर-अल्बम झाला असता. तुकड्यातुकड्याने ऐका, जसा तो आला तसा.

त्याच सत्रांतली पाच गाणी २०२३ मध्ये 'बिकम' नावाने वेगळी आली.

हिपहॉपवाल्यांना हे इतके का आवडतात?

सॅम्पल करायला, म्हणजे तुकडा उचलून आपल्या गाण्यात वापरायला, सोयीचं संगीत. जागा मोकळी, सूर लांब, ताल साधा, म्हणजे वर आपला ठेका घालता येतो. द वीकेंड या गायकाने २०११ च्या 'हाऊस ऑफ बलून्स'मध्ये दोनदा हात मारला: 'मास्टर ऑफ नन' आणि 'गीला'. पुढच्याच वर्षी केंड्रिक लमारच्या 'मनी ट्रीज'मध्ये 'सिल्व्हर सोल' आलं. 'मनी ट्रीज' ऐकलेल्या माणसाला 'सिल्व्हर सोल' लावून द्या आणि त्याचा चेहरा बघा.

त्या मोटारीच्या जाहिरातीचं प्रकरण काय होतं?

२०१२. ब्रिटनमधल्या फोक्सवॅगन पोलोच्या जाहिरातीसाठी एजन्सीने त्यांचं 'टेक केअर' हे गाणं मागितलं. बँडने नकार दिला, पुन्हा विचारलं, पुन्हा नकार. मग जाहिरात आली ती दुसऱ्या गाण्यावर, पण ते ऐकून अनेकांना 'टेक केअर'च वाटलं. दोघांनी उघडपणे नाराजी बोलून दाखवली. चाल शब्दशः चोरली नाही, पण वातावरण उचललं, तर त्याला काय म्हणायचं? कायद्याला सूर मोजता येतात, घुमारा मोजता येत नाही. आपल्या जिंगलवाल्यांनाही हे चांगलं ठाऊक आहे.

गाण्याचे शब्द कळत नाहीत. माझं इंग्रजी कमी पडतंय का?

नाही. इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही कळत नाहीत. आवाज मुद्दाम मागे ठेवलेला असतो आणि ओळीही कथा सांगणाऱ्या नसतात. प्रतिमा येतात, एखादा माणूस, एखादी रात्र, निरोप, आणि पुढे सरकतात. शब्द समोर ठेवून एकदा वाचा, मग बाजूला ठेवा.

मैफल कशी असते?

अंधारी. दोघांच्या चेहऱ्यांवर थेट प्रकाश क्वचितच पडतो, मागून रंग आणि सावल्या. व्हिक्टोरिया कीबोर्डमागे उभी, केस तोंडावर. अ‍ॅलेक्स बरेचदा बसून, कारण पाय बास पेडलवर गुंतलेले. सोबत एक ड्रमर. गप्पा कमी. नाचायला जाणार असाल तर निराश व्हाल. हीच माणसं विनोदी नाहीत असं मात्र समजू नका: 'विशेस'चा व्हिडिओ एरिक वेअरहाइम या विनोदवीराने केला आहे, त्यात अभिनेता रे वाइज भर मैदानात गाण्यावर ओठ हलवतो. गंभीर चाहत्यांना तो पचला नाही. मला प्रचंड आवडतो.

सुरुवात कुठून करू?

'टीन ड्रीम', पहिल्यापासून शेवटपर्यंत, एका बैठकीत. आवडलं तर 'ब्लूम'. 'स्पेस साँग'मुळे आला असाल तर 'डिप्रेशन चेरी' पूर्ण ऐका, 'लेव्हिटेशन'पासून. गोंगाट आवडत असेल तर थेट '७'. पहिला अल्बम शेवटी ठेवा. आधी ऐकला तर कच्चा वाटेल, नंतर ऐकला तर त्यातल्या 'अ‍ॅपल ऑर्चर्ड'वर जीव जडेल.

घरी साधा कीबोर्ड आणि गिटार आहे. असा आवाज काढता येईल का?

बऱ्यापैकी. महागडी सामग्री नको, त्यांनीही तिथूनच सुरुवात केली होती. कीबोर्डवर ऑर्गनचा आवाज निवडा, त्यातला तयार ताल लावा आणि वेग मिनिटाला सत्तर-ऐंशी ठोक्यांपर्यंत खाली आणा. उजव्या हाताने तीन सुरांची कॉर्ड धरा आणि पुढच्या कॉर्डला जाताना तिन्ही बोटं हलवू नका: दोन जागेवर ठेवा, एकच सरकवा. हा बदल लहान वाटतो, पण 'तसं' वाजायला लागतं ते इथूनच. डाव्या हाताने एकच खालचा सूर.

गिटारला स्लाइड हवी. दुकानात काचेची स्वस्तात मिळते. कॉर्ड वाजवू नका, वरच्या दोन तारांवर चार-पाच सुरांची एक सुरावट बसवा आणि ती गाणंभर बदलू नका. रिव्हर्ब अ‍ॅम्पवर नसेल तर फोनवरच्या फुकट अ‍ॅपमध्ये असतो. रिव्हर्ब लावायचा तो चाल पक्की झाल्यावर. आधी लावला तर काहीही छान वाटतं, आणि दुसऱ्या दिवशी ऐकल्यावर गाणं नव्हतंच हे कळतं. रचताना ताल बदलावासा वाटला तर दोन दिवस थांबा, मोह बहुतेक वेळा जातो. आणि गाताना आपल्या नेहमीच्या पट्टीपेक्षा एक-दीड सूर खाली गाऊन बघा.